तिसरी-चौथीतलं मूल

पालकसभेला सगळ्यात जास्त गर्दी पहिलीच्या वर्गात असते, आणि मग थेट दहावीच्या. पहिलीला आई, बाबा, कधी आजीसुद्धा येते. बाकं पुरत नाहीत. तिसरी-चौथीच्या वर्गात मात्र निम्मी बाकं रिकामी. जे येतात ते प्रगतिपुस्तकावर सही करतात, 'तसा काही त्रास देत नाही ना बाई?' एवढं विचारतात आणि निघतात. त्यांचंही समजण्यासारखं आहे. मूल आता आपल्या हाताने जेवतं, बुटाची लेस बांधतं, सारखं आजारी पडत नाही. दहावी अजून लांब आहे. आईवडिलांना वाटतं, आता जरा श्वास घ्यावा, पोर आपलं आपण वाढतंय.

मी मुलुंड पूर्वेच्या एका मराठी शाळेत प्राथमिकला शिकवते. बहुतेक वर्षी माझ्याकडे तिसरी नाहीतर चौथी असते. सहा ते अकरा-बारा या वर्षांना डी.एड.च्या पुस्तकांत उत्तर बाल्यावस्था म्हणतात. फ्रॉइडने तर हा सुप्तावस्थेचा काळ मानला होता. वर्गात रोज पाच-सहा तास या मुलांसोबत काढणाऱ्या बाईला त्यांच्यात सुप्त असं काहीच दिसत नाही. जे बदल चालू असतात ते एका दिवसात नजरेत भरत नाहीत, इतकंच. म्हणून ते जवळून पाहावे लागतात.

दर जूनमध्ये मी वर्गाच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारते. एकेक जण चपला काढून, टाचा भिंतीला लावून उभा राहतो, बाकीचे 'पाय उचलू नको रे' म्हणून ओरडत असतात. फेब्रुवारीत पुन्हा मोजायचं. दोन रेघांमध्ये जेमतेम तीन-चार बोटांचं अंतर पडतं आणि मुलं हिरमुसतात. पण ते ठीकच असतं. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं. शाळेच्या वयात हा वेग वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटरवर येतो, आणि वजन दोन-तीन किलोने वाढतं. वयात येण्याच्या थोडं आधी तर उंचीचा वेग आणखी मंदावतो. नेमकं तेव्हाच घरात 'याची वाढ खुंटली' अशी चर्चा सुरू होते आणि दुधात घालायच्या पावडरींचे डबे येतात. एका दिवशी घेतलेल्या उंचीवरून फारसं काही कळत नाही, वर्षभरात किती वाढ झाली ते बघायचं असतं. वर्षाला चार सेंटिमीटरही वाढ होत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. आपल्या मुलांची उंची अमेरिकेच्या तक्त्यावर ताडून बघायचीही गरज नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी सुधारित तक्ते काढले आहेत. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर त्या कामात पुढे होते. मुलाच्या फायलीत असा एक तक्ता असावा आणि वर्षातून दोनदा त्यावर एक टिंब पडावं.

उपनगरातल्या एका वर्गात दोन टोकांची मुलं शेजारी बसतात. एकाच्या डब्यात रोज मैद्याचा रोल आणि पॅकेटमधले चिप्स. दुसऱ्याची आई पहाटे कामावर गेलेली, तो शाळेतली खिचडी मिळेपर्यंत उपाशीच. दोघांच्याही रक्तात लोह कमी असू शकतं. २०१६ ते १८ या काळात देशभर सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झालं, त्यात पाच ते नऊ वयाच्या दर चार मुलांमागे जवळपास एक मूल रक्तक्षयाचं निघालं. वर्गात असं मूल ओळखू येतं. ते दंगा करत नाही, जिना चढताना मधेच थांबतं, शेवटच्या तासाला बाकावर डोकं ठेवतं. प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे 'शांत व आळशी' असा शेरा लिहिला जातो. त्या शेऱ्याआधी एकदा हिमोग्लोबिन तपासायला हवं.

दातांचं मात्र सगळ्यांना कौतुक असतं. रुमालाच्या टोकाला बांधलेला दात माझ्या टेबलावर आणून ठेवणं हा पहिली-दुसरीतला मोठा सोहळा. पण ज्या दातासाठी काही पडत नाही, तो दात कुणाच्या लक्षात येत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे, रिकाम्या हिरडीतून, चारही बाजूंना एकेक नवी दाढ येते. तिच्या आधी तिथे काही नव्हतं, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. 'किडली तर किडली, पडायचीच आहे' असं म्हणून सोडून देतात. ती पडणारी नसते. ती कायमची पहिली दाढ, पुढची साठ-सत्तर वर्षं माणूस तिच्यावर चावणार असतो. तिसरीत येईपर्यंत किती मुलांची ती दाढ काळी पडलेली असते, हे 'आ' करायला लावलं की दिसतं. सहा वर्षांच्या मुलाचं तोंड एकदा उजेडात नीट बघा. मागची ती रुंद दाढ दिसली, तर रात्री ब्रश करून घेतल्याशिवाय झोपू देऊ नका.

आणखी एक न दिसणारी गोष्ट मनगटात चालू असते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चाच असतात, मग वर्षांमागून वर्षं एकेक करत हाड होत जातात. वाटाण्याएवढं शेवटचं हाड तर साधारण नऊ ते बारा या वयात तयार होतं. म्हणून तर मुलाचं हाडांचं वय काढायला डॉक्टर डाव्या हाताचा एक्स-रे मागतात. पहिलीतल्या मुलाचं अक्षर रेघेवरून घसरतं, त्याची बोटं दुखतात, आणि आपण म्हणतो लक्ष नाही. तेच मूल चौथीत येतं तेव्हा त्याचं अक्षर कुणी न शिकवता सुधारलेलं असतं, भोवऱ्याला जाळी नीट गुंडाळता येते, मुली सागरगोटे झेलू लागतात. हात तयार झालेला असतो.

आता डोक्यात काय होतं ते. यासाठी मी चिंचोके वापरते. टेबलावर आठ चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या. दोन्हींत सारखेच, हे मुलाकडून वदवून घ्यायचं. मग त्याच्यादेखत एका ओळीतले चिंचोके लांब लांब पसरायचे आणि विचारायचं, आता कुठल्या ओळीत जास्त? पाच-सहा वर्षांचं मूल लांब ओळीवर बोट ठेवतं. मोजून दाखव म्हटलं की मोजतं, आठ आणि आठ. मग जास्त कुठे? पुन्हा बोट त्याच लांब ओळीवर. डोळ्यांना जे दिसतं त्यापुढे मोजलेल्याचं काही चालत नाही. हाच प्रयोग तिसरीत केला की मुलं हसतात. एकाने मला उत्तर दिलं होतं, 'बाई, तुम्ही नुसते लांब ठेवलेत. परत जवळ आणा, मग बघा.'

ते 'परत जवळ आणा' फार मोठं आहे. झालेली कृती मनातल्या मनात उलटी फिरवता येणं ही या वयाची खरी कमाई. स्वित्झर्लंडच्या झाँ पियाजेने हे प्रयोग पद्धतशीर करून दाखवले आणि सात ते अकरा या वयात मूल प्रत्यक्ष वस्तूंबद्दल तर्काने विचार करू लागतं असं मांडलं. त्याने सांगितलेली वयं पुढच्या संशोधकांनी मागेपुढे केली, पण क्रम बराचसा टिकला आहे. बेरीज उलटी फिरवली की वजाबाकी, गुणाकार उलटा केला की भागाकार, हे यानंतरच पोटात जातं. त्याआधी 'हातचा एक' हा नुसता मंत्र असतो.

मराठी मुलाला इथे आणखी एक चढण चढावी लागते. 'त्रेपन्न' ऐकताना तीन आधी येतात, लिहिताना पाच आधी. दुसरीतलं मूल ५३ च्या जागी ३५ लिहितं ते अनेकदा यामुळे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असं वाचायची पद्धतही दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. मराठीची मोडतोड केल्याचे आरोप त्यांनी ऐकून घेतले आणि मुलांची अडचण काय आहे ते शांतपणे सांगत राहिल्या. जुनी पद्धत पुस्तकातून काढलेली नव्हतीच. मला तेव्हाही त्यांचं पटलं होतं, आजही पटतं. मी वर्गात दोन्ही म्हणून घेते, आणि चौथीपर्यंत सगळी मुलं 'त्रेपन्न'वर आपोआप स्थिरावतात.

गणिताचंच आणखी एक. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वडिलांची स्टेशनजवळ भाजीची गाडी. संध्याकाळी गाडीवर हाच उभा. ऐंशी रुपये किलोची मिरची पाव किलो, पंधराच्या दोन जुड्या कोथिंबीर, शंभराची नोट दिली तर परत किती, हे तो पिशवी भरता भरता सांगायचा. फळ्यावर १०० वजा ५० लिहून त्याला उभं केलं की हात थरथरायचा. अशी मुलं अपवाद नसतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी धारावीतल्या, घरच्या धंद्यात हातभार लावणाऱ्या मुलांचं गणित अभ्यासलं आहे. २०२५ साली 'नेचर'मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला. बाजारात ही मुलं अवघड हिशेब तोंडी करतात आणि शाळेच्या पद्धतीने मांडलेलं सोपं गणित त्यांना सुटत नाही. उलट फक्त शाळेतच शिकणाऱ्या मुलांना कागदावरचं येतं, बाजारातलं येत नाही. म्हणजे एकीकडची समज दुसरीकडे आपसूक जात नाही. तो पूल बांधायचं वय तिसरी-चौथीचंच, आणि बांधणारं कुणीतरी मोठं माणूस हवं. त्या मुलासाठी मी फळ्यावर आधी मिरची काढायला लागले.

जे मूल तिसरीत मागे पडतं त्याचं काय, याचं एक उत्तर याच मुंबईत सापडलेलं आहे आणि त्याचा आपल्याला पुरेसा अभिमान वाटत नाही. 'प्रथम' ही संस्था मुंबईत १९९५ साली वस्त्यांमधल्या मुलांसाठी सुरू झाली. तिने महापालिका शाळांमध्ये बालसखी नेमल्या. या वस्तीतल्याच, शिकलेल्या मुली. तिसरी-चौथीतली जी मुलं वाचनात, आकड्यांत मागे होती, अशी पंधरा-वीस मुलं रोज दोन तास बालसखीकडे जायची आणि जिथे अडली होती तिथूनच शिकायची. मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्गांना बालसखी देऊन आणि काहींना न देऊन याची मोजणी केली. मुलांचे गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते तळाच्या मुलांचे. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ साली नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हेही काम होतं. चौथीत पुस्तकं बदलतात. तोवर मूल वाचायला शिकत असतं, इथून पुढे वाचून शिकायचं असतं. त्या वळणावर ज्याला अजून जोडाक्षर अडतं त्याला इतिहासही अडतो, विज्ञानही अडतं. म्हणून हे दोन वर्ग सोडून देण्यासारखे नाहीत.

चौथीचा इतिहास म्हणजे शिवछत्रपती. हे पुस्तक मुलं जूनमध्येच संपवतात. पण साडेतीनशे वर्षं म्हणजे किती, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सहज कळत नाही. 'बाई, तुम्ही महाराजांना पाहिलं होतं?' असं मला तिसरीतल्या मुलीने गंभीरपणे विचारलेलं आहे. यावर मी व्हरांड्यातल्या लाद्या वापरते. एक लादी म्हणजे दहा वर्षं. मूल स्वतः पहिल्याच लादीवर मावतं. बाबा चार लाद्या मागे, आजोबा सात, देशाचं स्वातंत्र्य आठव्या लादीवर. मग सगळी वरात चालत निघते. राज्याभिषेकाला पस्तीस लाद्या मोजाव्या लागतात आणि आमचा व्हरांडा तिथे संपत येतो. तिथून मागे वळून आपल्या लादीकडे बघताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. काळ पायांनी चालून झाला की डोक्यात बसतो. या वयाला हात लावता येईल, पाय टाकता येईल असंच सगळं द्यावं.

आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तिथे येते.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचं जग म्हणजे घर आणि बाई. त्यानंतर त्याला आपल्या वयाची माणसं लागतात. मुली मुलींत, मुलगे मुलग्यांत. कट्टी-बट्टी रोजची. एका मैत्रिणीला सांगितलेलं गुपित दुसरीला कळलं म्हणून मधल्या सुट्टीत रडारड. मोठ्यांना हे क्षुल्लक वाटतं. पण दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काहीतरी चालू असतं, हे मूल इथे पोटतिडकीने शिकत असतं.

आणि ते शिकण्याची खरी जागा मैदान. सोसायटीच्या आवारात संध्याकाळी क्रिकेट चालू असेल तर दहा मिनिटं खिडकीत उभे राहा. वन टप्पा आऊट. गाडीला लागला तर आऊट. पहिल्या मजल्याच्या खिडकीत गेला तर आऊट आणि ज्याने मारला त्यानेच जाऊन आणायचा. हे नियम त्यांना कुणी दिलेले नाहीत. त्या आवाराला, त्या गाड्यांना, पहिल्या मजल्यावरच्या काकूंना धरून त्यांनी ते बनवले आहेत. निम्मा वेळ खेळ, निम्मा वेळ भांडण. 'लागला.' 'नाही लागला.' 'आईशप्पथ सांग.' 'रडीचा डाव.' कुणी बॅट घेऊन घरी निघतो, पायऱ्यांवरून परत येतो. बॅट त्याची असली तरी खेळायला बाकीचे लागतातच.

पियाजेने १९३२ च्या आपल्या पुस्तकात स्वित्झर्लंडच्या गोट्या खेळणाऱ्या पोरांबद्दल लिहिलं. लहान मुलांना वाटतं, नियम मोठ्यांकडून आलेत, ते बदलताच येत नाहीत. दहाच्या पुढेमागे त्यांना कळतं, सगळ्यांना पटलं तर नियम बदलता येतो. हे कळणं हा मुलाच्या नीतीचा पाया आहे असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, आपल्या खेळात कच्चा लिंबू आहे. कुणाचा तरी पाच वर्षांचा भाऊ सोबत आलेला असतो. त्याला घ्यायचं, धावू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही. सगळ्यांना एकच नियम लावणं हा न्याय, आणि लहानग्यासाठी तो सैल करणं हाही न्याय, हे आठ-नऊ वर्षांची पोरं स्वतः ठरवतात आणि पाळतात. मूल्यशिक्षणाच्या तासाला मी हे इतकं चांगलं शिकवू शकत नाही, हे मी मनापासून सांगते.

कोचिंगच्या क्रिकेटमध्ये हे होत नाही. तिथे नियम सर सांगतात, भांडण सर सोडवतात, वेळ झाली की शिट्टी वाजते. ते कौशल्याला चांगलं, त्याला माझा विरोध नाही. पण सोमवार अबॅकस, मंगळवार कराटे, बुधवार स्विमिंग अशा आठवड्यात मुलांनी आपसांत भांडून मिटवायची एकही संध्याकाळ उरत नाही. शरीरालाही खेळ हवाच. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयासाठी दिवसाला सरासरी किमान साठ मिनिटं चांगलं धापा टाकायला लावणारं हलणं-खेळणं सांगते. दिवसाचा बराच वेळ बाहेरच्या उजेडात घालवणाऱ्या मुलांना लांबच्या चष्म्याचा धोका कमी, हे नेत्रतज्ज्ञांनी अनेक देशांत पाहिलं आहे. दमलेलं मूल वेळेवर झोपतं, आणि या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं ते या झोपेसाठीच. पण रात्री साडेअकरापर्यंत घरात टीव्ही चालू असेल तर नऊच्या शाळेनेही काही साधत नाही.

खेळानंतर तुलना. पहिलीत विचारा, 'वर्गात सगळ्यात छान चित्र कोण काढतं?' सगळे हात वर. चौथीत तोच प्रश्न विचारा. बहुतेक जण मागे वळून एकाच मुलीकडे बोट दाखवतात, आणि काहींची मान खाली जाते. मूल आता दुसऱ्याशेजारी स्वतःला ठेवून बघायला शिकलेलं असतं. ही बुद्धीचीच वाढ आहे, पण ती बोचते. एरिक एरिक्सनने या वयाचा पेच असाच सांगितला: एका बाजूला काम करून दाखवण्याची उमेद, दुसऱ्या बाजूला न्यूनगंड. प्रत्येक मुलाला 'हे मला येतं' असं म्हणता येईल अशी एक तरी गोष्ट या वर्षांत मिळायला हवी. माझ्या वर्गातल्या एका मुलाला पुलावर उभं राहून नुसत्या आवाजावरून लोकल सीमेन्सची की बॉम्बार्डियरची ते ओळखता यायचं. मी त्याला वर्गासमोर लोकलवर बोलायला उभं केलं. एरवी प्रश्नोत्तरं चुकवणारा मुलगा तासभर बोलला, स्लो-फास्ट, बारा डबे-पंधरा डबे, सगळी वर्गवारी फळ्यावर काढून.

शाबासकी कशी द्यावी यावरही संशोधन आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीतल्या अमेरिकन मुलांना कोडी दिली. काहींना म्हटलं 'हुशार आहेस', काहींना 'मेहनत घेतलीस'. पुढे अवघड कोडी दिल्यावर 'हुशार' म्हटलेली मुलं लवकर खचली, आणि आपले गुण सांगताना खोटं बोलणारीही त्यांच्यात जास्त निघाली. म्हणून घरी विचारताना 'शेजारच्या मुलीला किती पडले?' हा प्रश्न काढून टाका. 'हे गणित कसं सोडवलंस, दाखव' असं विचारा.

एक गोष्ट आयांना उद्देशून. मुलींच्या शरीरात बदल आठ ते तेरा या वयात कधीही सुरू होऊ शकतात, मुलग्यांत नऊ ते चौदा. उंचीची उडीही मुली साधारण दोन वर्षं आधी घेतात, म्हणून पाचवीच्या वर्गफोटोत मागच्या रांगेत मुलीच उभ्या असतात. आठच्या आधी मुलीत किंवा नऊच्या आधी मुलग्यात बदल दिसले तर डॉक्टरांकडे जायला हवं. बहुतेक मुलींना पाळी बाराच्या आसपास येते, पण काहींना दहा-अकराव्या वर्षीच. चौथीतल्या मुलीला शाळेच्या बाथरूममध्ये रक्त दिसलं आणि आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं वाटून ती दार लावून आत रडत बसली, असं मी पाहिलेलं आहे. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. 'अजून लहान आहे' म्हणून थांबू नका. नववं लागलं की शांतपणे, स्वयंपाक करता करता सांगा. मुलग्यांनाही सांगा, म्हणजे ते हसणार नाहीत.

आता मैदानाकडे परत येते, कारण बाकीच्या गोष्टी घरात, शाळेत करता येतात, ही एकट्यादुकट्याने होत नाही. मुलुंडच्या म्हाडा कॉलनीत, घाटकोपरच्या पंतनगरात, बोरिवलीत, अंधेरीत जुन्या तीन-चार मजली इमारती जाऊन टॉवर येताहेत. जुन्या इमारतींत घरं लहान होती, पण दोन इमारतींच्या मधे माती होती. नव्या इमारतीत घर मोठं, खाली तीन मजले पार्किंग आणि वर टाइल लावलेलं पोडियम. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितलं होतं की रहिवाशांसाठीची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून भागणार नाही. पुनर्विकासाच्या बैठकीला जाल तेव्हा कार्पेट एरिया आणि कॉर्पसच्या आधी आर्किटेक्टला हा प्रश्न विचारा: मुलांना मातीवर धावायची जागा नकाशात कुठे आहे?

जिथे इमारत जुनीच आहे तिथे तर काम आणखी सोपं आहे. गेटच्या आत भिंतीवर 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' असा फलक असतो. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तो काढायचा विषय घ्या. रोज साडेपाच ते सात आवारात मुलं खेळतील, तेवढ्या वेळापुरत्या दोन गाड्या बाहेर लागतील, आणि भांडणं झाली तर मोठी माणसं पाच मिनिटं तरी मधे पडणार नाहीत, एवढाच ठराव. त्याला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो.